रअशा, कंपवात आणि मधली भीती

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. नववीच्या वर्गात मराठीचा तास सुरू होता. फळ्यावर धड्याचं नाव लिहिलं आणि वरून शिरोरेषा ओढली. रेघ सरळ आलीच नाही. बैलगाडीत बसून ओढावी तशी ती वरखाली झाली. मागच्या बाकावरून एक पोरगा हळूच म्हणाला, "सर, लाइन हिल गई." वर्ग हसला, मीही हसलो. मधल्या सुट्टीत मात्र शिक्षक खोलीच्या कोपऱ्यात बसून वहीच्या पाठीमागच्या पानावर वीस-पंचवीस रेघा ओढून पाहिल्या. सगळ्या तशाच.

बी.एड.ला असताना सूक्ष्म अध्यापनात फलकलेखनाला वेगळे गुण असायचे आणि त्यात मला कधी कमी पडले नाहीत. मी उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवतो. एका तासाला उजवीकडून डावीकडे लिहायचं, दुसऱ्या तासाला डावीकडून उजवीकडे. हात थरथरतो की नाही हे तपासायला याहून चांगलं यंत्र नाही. मराठीत शिरोरेषा चुगली करते. उर्दूत नून, लाम, शीन यांचे गोल दायरे. दोन्हीकडे माझा हात पकडला गेला.

शाळेतले एक ज्येष्ठ सहकारी माझा चहाचा कप बघून म्हणाले, "सर, कंपवात तर नाही ना? दाखवून घ्या." घरी अम्मीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "रअशा है. तेरे नानाकू भी था." एकाच दिवशी दोन भाषांतून दोन निदानं मिळाली. सहकाऱ्यांचा शब्द ऐकून पोटात गोळा आला. अम्मीचा शब्द ऐकून नाना आठवले.

नाना दर्जी होते. सुईत दोरा नानी ओवून द्यायची. बशीतून चहा पिताना त्यांचा अर्धा चहा बशीत आणि अर्धा लुंगीवर असायचा. लग्नात ते शरबताचा ग्लास घेत नसत, "रोजा है" म्हणून हसण्यावारी न्यायचे. पण कापडावर हात टेकला आणि मशीन सुरू झालं की टाका सरळ पडायचा. ऐंशीच्या पुढे जगले, शेवटपर्यंत पायी मशिदीत गेले. त्यांच्या हाताला कोणी आजार म्हटलं नाही, औषधही दिलं नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या रात्री मी मोबाइलवर शोधलं ते 'कंपवात'. नानांचा 'रअशा' शोधला नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. पहिल्या डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितलं, दोन सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "पार्किन्सन्सची सुरुवात असू शकते, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा." जिल्ह्याच्या ठिकाणी नंबर लागायला तीन आठवडे गेले. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर गोगलगाईच्या शंखासारखं वेटोळं काढायला लावलं, एक वाक्य लिहायला लावलं. एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायला सांगितलं. हात मांडीवर सैल ठेवून शंभरपासून उलटे आकडे म्हणायला लावले. बोटावर बोट आपटायला लावलं. व्हरांड्यात चालवलं. घरात आणखी कोणाला आहे का, हे विचारलं. मग विचारलं, "दारू घेतल्यावर थरथर कमी होते का?" मी म्हटलं, "सर, कधी घेतलीच नाही, काय सांगू?" ते हसले. हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात, कारण या थरथरीत दारूने काही वेळ फरक पडतो. त्याला उपचार मात्र म्हणत नाहीत. थायरॉइडची रक्ततपासणी झाली, ती ठीक आली. निदान झालं 'इसेन्शियल ट्रेमर'. म्हणाले, पार्किन्सन्स नाही, घाबरू नका.

वीस मिनिटांत प्रश्न सुटला. पण भीती सुटायला तीन वर्षं लागली. ती का लागली, याचा शोध घेताना मी या थरथरीच्या इतिहासात शिरलो. भाषेचा शिक्षक असल्यामुळे सुरुवात शब्दांपासूनच केली.

एक शब्द, दोन आजार

हात कापणं ही माणसाची फार जुनी ओळखीची गोष्ट आहे. संस्कृतात तिला 'कंप' आणि 'वेपथु' असे शब्द आहेत. माधवनिदान या रोगनिदानाच्या जुन्या ग्रंथात वाताच्या विकारांमध्ये वेपथु येतो, सर्वांग आणि डोकं कापणं या अर्थाने. आणि हाच वेपथु गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या अंगालाही सुटतो. तिथे तो आजार नाही. समोर आपलीच माणसं उभी पाहून आलेली ती थरथर आहे. आमच्याकडे हदीसमध्ये सांगितलं आहे की, हिरा गुहेतल्या पहिल्या वहीनंतर पैगंबर हजरत मुहम्मद (स.) घरी आले तेव्हा त्यांचं हृदय कापत होतं. त्यांनी अंगावर पांघरूण घालायला सांगितलं आणि हजरत खदीजांनी त्यांना पांघरूण घातलं, धीर दिला. मनाचं ओझं शरीरात उतरून कापरं भरणं हे कोणत्याच परंपरेने लाजिरवाणं मानलेलं नाही.

ग्रीक वैद्य गॅलनने दुसऱ्या शतकात थरथर, फडफड, झटके आणि हुडहुडी यांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. अवयव उचलताना, हलवताना येतो तो कंप वेगळा आणि अवयव स्वस्थ पडलेला असताना होते ती फडफड वेगळी, असा भेद त्याने तेव्हाच केला होता. आजचे डॉक्टर मांडीवर हात ठेवायला लावतात तेव्हा हाच भेद तपासत असतात. गॅलनचं हे ज्ञान अरबीत आलं. इब्न सीनाच्या (इ.स. ९८०-१०३७) 'अल-कानून फित्तिब'च्या तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंतचे आजार क्रमाने आहेत. त्यात मज्जातंतूंच्या आजारांत फालिज म्हणजे पक्षाघात, लकवा यांच्या शेजारी 'रअशा' येतो. युनानी तिब रअशाच्या कारणांत म्हातारपण, दारू, थंडी यांच्याबरोबर भीती आणि रागही मोजते. नानांच्या हाताला अम्मीने दिलेलं नाव असं हजार वर्षांचं आहे.

पण एक अडचण राहिली. रअशा काय, कंप काय, हे लक्षणाचं नाव होतं. हात कापतो एवढंच ते सांगतं, का कापतो आणि पुढे काय होणार ते सांगत नाही. आज मराठीत 'कंपवात' हा शब्द पार्किन्सन्ससाठी रूढ झाला आहे. बोलताना मात्र आपण कोणाचाही हात कापला की कंपवातच म्हणतो. उर्दूतही दोन्हीला रअशाच म्हणतात. आजार दोन आणि शब्द एक. ज्याचा हात साधा कापतो त्याला शेजाऱ्याच्या जड आजाराचं नाव चिकटतं आणि नावाबरोबर त्याची भीतीही.

लंडनच्या रस्त्यावरची माणसं

या दोन थरथरी वेगळ्या व्हायला जी दीडशे वर्षं लागली, त्यांची सुरुवात लंडनच्या हॉक्स्टन भागातल्या एका डॉक्टरपासून होते. जेम्स पार्किन्सन (१७५५-१८२४) त्याच भागात जन्मला आणि तिथेच त्याने आयुष्यभर दवाखाना चालवला. गरिबांच्या हक्कांसाठी पत्रकं लिहिली, जीवाश्मांचा अभ्यास केला. १८१७ मध्ये त्याने 'शेकिंग पाल्सी'वर एक छोटा निबंध लिहिला. त्यात फक्त सहा रुग्ण आहेत. सहाही त्याच्या दवाखान्यात आलेले नव्हते. काही त्याला रस्त्यात भेटले आणि एकाला तर त्याने फक्त लांबून पाहिलं होतं.

लांबून पाहूनही त्याने जे टिपलं ते अचूक होतं. हात स्वस्थ असताना सुरू होणारी थरथर, पुढे झुकलेलं शरीर, चालता चालता पळू लागणारी पावलं. पार्किन्सनला स्वतःलाही ठाऊक होतं की सगळ्या थरथरी एक नाहीत. म्हणून इतर कंपांपासून हा आजार कसा ओळखायचा, हेही त्याने निबंधात लिहिलं.

पुढे पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तँ शार्को याने हे काम हातात घेतलं. तिथे हजारो वृद्ध, गरीब स्त्रिया वर्षानुवर्षं राहत होत्या. शार्को त्यांना शेजारी शेजारी उभं करून तुलना करायचा. व्याख्यानात तो रुग्णांच्या टोपीला लांब पिसं लावायचा. पीस हललं की मागच्या रांगेतल्या विद्यार्थ्यालाही डोक्याचा कंप दिसायचा. कोणाचं डोकं स्वतः कापतं आणि कोणाचं हाताच्या थरथरीने हलतं, हे त्या पिसावरून कळायचं. हातात पेला धरल्यावर वाढणारा कंप आणि हात मांडीवर असताना येणारा कंप त्याने स्पष्टपणे वेगळे केले. या आजाराला पार्किन्सनचं नाव द्यावं, हा आग्रहही त्याचाच. १९१९ मध्ये त्रेतियाकॉफ याने पॅरिसमधल्याच आपल्या प्रबंधात दाखवलं की या रुग्णांच्या मेंदूतल्या 'सब्स्टान्शिया नायग्रा' या काळसर भागातल्या पेशी नष्ट झालेल्या असतात. पुढे कळलं की या पेशी डोपामीन नावाचं द्रव्य तयार करतात.

इथे आपल्या देशाचाही एक धागा आहे. मला हातासाठी गावातल्या तिघांनी तरी कवचबीजाचं चूर्ण सुचवलं. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी. १९३७ मध्ये दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी या बियांतून लेव्होडोपा हे द्रव्य वेगळं काढलं. तेच द्रव्य १९६० च्या दशकात पार्किन्सन्सचं मुख्य औषध झालं. म्हणजे सुचवणाऱ्यांच्या सल्ल्यात तथ्य होतं, फक्त आजार माझा नव्हता. इसेन्शियल ट्रेमरमध्ये डोपामीन कमी पडलेलं नसतं, त्यामुळे लेव्होडोपाचा फायदा होत नाही. एकाच शब्दामुळे दुसऱ्याचं औषध माझ्या हातावर ठेवलं जात होतं.

कारण माहीत नसलेला आजार

माझ्या थरथरीला नाव मिळालं ते इटलीत. १८७४ मध्ये पिएत्रो बुर्रेसी या वैद्याने एका १८ वर्षांच्या तरुणाच्या कंपाचं वर्णन करताना 'इसेन्शियल' हा शब्द वापरला. वैद्यकात या शब्दाचा अर्थ 'आवश्यक' असा नाही. ज्याच्यामागे दुसरा कुठलाही आजार सापडत नाही, जो स्वतःच स्वतःचं कारण आहे, त्याला इसेन्शियल म्हणतात. १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स डाना याने काही कुटुंबांचा अभ्यास करून दाखवलं की ही थरथर वारशाने चालत येते. १९४९ मध्ये लंडनच्या मॅकडोनाल्ड क्रिचली याने या आनुवंशिक कंपावर मोठा निबंध लिहिला. बऱ्याच घरांत ती आईबापांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता निम्मी असते. नाना, मग एक मामू, मग मी. अम्मीचे हात कधी कापले नाहीत, पण वारसा तिच्याच हातून आला.

बरीच वर्षं डॉक्टर या नावाआधी 'बिनाईन', म्हणजे निरुपद्रवी, असा शब्द लावत. आता तो बहुतेक वगळतात. कारण काहींची थरथर वाढत वाढत इतकी होते की घास तोंडापर्यंत जात नाही. जीव जात नाही, पण जगणं अवघड होतं. अशांसाठीही वाटा निघाल्या आहेत. १९८७ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथे बेनाबिद यांनी मेंदूतल्या थॅलॅमस या भागात तार सोडून बारीक विद्युतप्रवाहाने थरथर थांबवून दाखवली. माझी थरथर त्या पायरीच्या फार खाली आहे. चहा अर्धा कप घेतो, सही करताना मनगट टेकवतो. एवढंच.

थरथर घेऊन मोठी कामं केलेली माणसं इतिहासात आहेत. अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातले सॅम्युअल अॅडम्स (१७२२-१८०३) यांचा हात त्यांच्या चाळिशीत कापू लागला. पुढे डोकं आणि आवाजही कापू लागला. त्याच हाताने त्यांनी १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. नंतर लिहिणं जमेना तेव्हा ते मजकूर सांगत आणि दुसरे लिहून घेत. तरीही ते मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर झाले. याच जाहीरनाम्यावर स्टीफन हॉपकिन्स यांचीही सही आहे. त्यांचाही हात कापायचा. एका हाताने दुसरा धरून त्यांनी सही केली आणि कापतो तो हात, मन नव्हे, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले, अशी आख्यायिका तिकडे सांगतात. हॉलिवूडच्या कॅथरीन हेपबर्नचं डोकं आणि आवाज म्हातारपणी कापायचा. लोक पार्किन्सन्स समजायचे. ती सांगायची की नाही, हे आजोबांकडून आलं आहे. अगदी माझ्या अम्मीसारखं उत्तर.

मराक आणि वसवसा

आता त्या तीन वर्षांबद्दल. डॉक्टरांनी नाही म्हटल्यावरही मी रोज स्वतःला तपासत होतो. पार्किन्सन्समध्ये वास येणं आधी कमी होतं असं वाचलं, तेव्हापासून सकाळी उठल्यावर अत्तराची बाटली नाकाशी धरायचो. चालताना एक हात कमी हलतो असं वाचलं, म्हणून शाळेत जाताना रस्त्यावरच्या सावलीत दोन्ही हात बघायचो. अक्षर बारीक होत जातं असं वाचलं, म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या टाचणवह्या काढून आजच्या अक्षराशी ताडून पाहायचो.

सगळ्यात वाईट झालं ते नमाजमध्ये. कायद्यात बसलो की दोन्ही हात मांडीवर असतात, शहादतीचं बोट तेवढं वर होतं. मांडीवरचे हात शांत आणि उचललेलं बोट थरथरतं. इसेन्शियल ट्रेमरचा याहून स्पष्ट पुरावा नाही. दिवसातून पाच वेळा तो माझ्या डोळ्यांसमोर होता. पण मी पुरावा बघून निश्चिंत होत नव्हतो. मांडीवरच्या हाताकडे टक लावून बसायचो, आता कापेल, मग कापेल म्हणून. ओठ अत्तहियात पढत होते आणि डोकं दवाखान्यात होतं. एके दिवशी इमामांनी सलाम फेरला आणि मला कळलंच नाही. शेजारच्याने कोपराने हलवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आजार हातात नाही, दुसरीकडे आहे.

या दुसऱ्या आजारालाही इतिहास आहे. उर्दूत उगाच आजाराचा ध्यास घेणाऱ्याला 'मराकी' म्हणतात. 'मराक' हा अरबी शब्द पोटाच्या मऊ भागासाठी आहे. जुने वैद्य मानत की तिथे बिघडलेल्या पित्ताची वाफ डोक्यात चढते आणि माणूस उदास, शंकेखोर होतो. म्हणून आजाराचं नाव 'मालीखोलिया मराकी'. इंग्रजीतला 'हायपोकॉन्ड्रिया' हा शब्दही मूळ ग्रीकमध्ये फासळ्यांच्या खालच्या त्याच जागेचं नाव आहे. दोन्ही भाषांनी भीतीचा पत्ता पोटात दिला. पोटात गोळा येतो असं आपण मराठीतही म्हणतोच. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६७३ मध्ये अशाच एका काल्पनिक रुग्णावर विनोदी नाटक लिहिलं आणि ती भूमिका स्वतः केली. मोलिएर तेव्हा खरोखर आजारी होता. चौथ्या प्रयोगात त्याची तब्येत बिघडली आणि त्याच रात्री तो वारला. भीतीवर हसणं सोपं असतं, आत कोण किती दुखतं आहे ते बाहेरून कळत नाही.

मला खरा आधार मिळाला तो अकराशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाकडून. अबू जैद अल-बल्खी (इ.स. ८५०-९३४) हा बल्खजवळच्या एका खेड्यातला विद्वान, भूगोलकार म्हणून तो अधिक प्रसिद्ध आहे. त्याने 'मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस' म्हणजे शरीर आणि मन यांचं पोषण, या नावाचा ग्रंथ लिहिला. त्याची तक्रार अशी होती की वैद्य शरीरावर लिहितात आणि मनाच्या दुखण्याकडे पाहत नाहीत. म्हणून त्याने ग्रंथाचा दुसरा भाग मनाला दिला. त्यात राग, भीती, दुःख यांची प्रकरणं आहेत आणि शेवटचं प्रकरण 'वसवसा'वर आहे, म्हणजे मनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या नको त्या विचारांवर. सुदानचे मानसशास्त्रज्ञ मलिक बद्री यांनी २०१३ मध्ये या मनाच्या भागाचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं, तेव्हा जगाचं लक्ष त्याकडे गेलं.

वसवसा हा शब्द आपल्याला घरचा आहे. कुरआनच्या शेवटच्या सूरहमध्ये त्याच्यापासूनच पनाह मागितलेली आहे. लहानपणापासून मी ती सूरह पढतो. पण वसवसा म्हणजे सैतानाची कुजबुज आणि आपण पापी, एवढंच मला शिकवलं होतं. बल्खी त्याकडे वैद्यासारखा पाहतो. तो म्हणतो की असा माणूस एकटा राहिला की विचार बळावतात, म्हणून त्याने माणसांत राहावं, काम हाती घ्यावं. आणि जसा शहाणा माणूस घरात औषधं आधीच आणून ठेवतो, तसे धीराचे विचार मन शांत असतानाच साठवून ठेवावेत, म्हणजे ऐन वेळी सापडतात. मी तेच केलं. चांगल्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं की डॉक्टरांनी काय तपासलं, काय सापडलं नाही, नाना किती वर्षं जगले. चिठ्ठी पाकिटात ठेवली. अत्तराची बाटली धाकट्या भावाला देऊन टाकली.

यामागचं शरीरशास्त्रही समजून घेण्यासारखं आहे. थरथर प्रत्येक माणसाच्या हातात असते, फक्त इतकी बारीक की दिसत नाही. भीती वाटली की रक्तात अॅड्रेनलिन वाढतं आणि ती दिसू लागते. ज्याची आधीच दिसते त्याची दुप्पट होते. म्हणजे हात कापतो म्हणून मी घाबरायचो आणि घाबरलो म्हणून हात जास्त कापायचा. स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात अॅड्रेनलिनचा हा परिणाम रोखणारं प्रोप्रॅनोलॉल हे औषध हृदयरोग्यांसाठी शोधलं. पुढच्या दशकात ते थरथरीवरही चालतं हे लक्षात आलं. १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मला हेच औषध थोड्या मात्रेत दिलं आहे, आणि ते डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं असतं. दम्याच्या माणसाला तर ते चालतच नाही.

वूस्टरचा मास्तर

शेवटी ज्याने माझी लाज घालवली त्या माणसाची गोष्ट. त्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. इंग्लंडमध्ये वूस्टर नावाचं गाव आहे, तिथल्या मठात तेराव्या शतकात तो राहत होता. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दीडशे वर्षांत भाषा इतकी बदलली की मठातली जुन्या इंग्रजीतली पुस्तकं वाचणारे फारच थोडे उरले. हा माणूस ती पुस्तकं घेऊन बसला आणि जुन्या शब्दांच्या वर, समासात, बारीक अक्षरांत त्यांचे अर्थ लिहू लागला. बहुतेक लॅटिनमध्ये, काही त्याच्या काळच्या इंग्रजीत. सुमारे वीस हस्तलिखितांत असे पन्नास हजारांच्या आसपास अर्थ त्याने लिहिले. त्याच्या अक्षरावरून अभ्यासक त्याला 'थरथरता हात' एवढंच म्हणतात. प्रत्येक रेघ कापलेली आहे.

२०१५ मध्ये डेबोरा थॉर्प या इतिहासकार आणि जेन आल्टी या मेंदूच्या डॉक्टर, अशा दोघींनी मिळून 'ब्रेन' या नियतकालिकात त्याच्या अक्षराचा अभ्यास छापला. आज डॉक्टर रुग्णाचं अक्षर पाहतात त्याच नजरेने त्यांनी आठशे वर्षांपूर्वीची पानं पाहिली. त्यांचं मत पडलं की या माणसाला बहुधा इसेन्शियल ट्रेमर होता.

त्या पानांची छायाचित्रं मी संगणकावर मोठी करून पाहिली. मला त्यातली भाषा येत नाही, पण रेघा येतात. त्या माझ्याच होत्या. त्याचं कामही माझंच होतं, एका भाषेतला शब्द धरून दुसऱ्या भाषेत त्याचा अर्थ पोचवणं. आठशे वर्षं लोकांनी त्याच्या हातची अक्षरं वाचली, कारण अर्थ बरोबर होते. रेघ हलली म्हणून कोणी पान फाडलं नाही.

यंदा नववीच्या वर्गाला मी ही गोष्ट सांगितली. फळ्यावर शिरोरेषा ओढली, ती नेहमीसारखी हलली आणि मग म्हटलं, आता ही का हलते ते ऐका. तास संपेपर्यंत कोणी हसलं नाही. एका मुलीने तास संपल्यावर येऊन सांगितलं की तिच्या दादींचा हात असाच कापतो, घरचे म्हणतात कंपवात आहे आणि त्या रात्री रडतात. मी तिला सांगितलं, कोणता कंप आहे ते मी सांगू शकत नाही, तू पण सांगू नकोस. दादींना एकदा मेंदूच्या डॉक्टरांकडे न्यायला सांग. नाव बरोबर कळू दे, मग काय ते ठरवा.

घरी माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. ती मेहंदी छान काढते. मागच्या ईदला चाँदरातीला ती अम्मीच्या हातावर मेहंदी काढत होती आणि मी नकळत तिच्या बोटांकडे टक लावून बसलो होतो, मांडीवरच्या हाताकडे बसायचो तसाच. तिने विचारलं, "अब्बा, क्या देख रहे?" मी नजर काढून घेतली. मग तिथेच तिला सगळं सांगितलं. नाना, मामू, मी, दोन नावं आणि दोन आजार. कदाचित तिलाही चाळिशीत होईल, कदाचित कधीच होणार नाही. तिने कोन खाली न ठेवता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो फिर उसमें डरने का क्या?" आणि पुढची वेल काढायला घेतली. अम्मीने नेहमीप्रमाणे मान वर केली नाही. फक्त म्हणाली, "मैं तो पहले दिनसे बोल रहीऊँ."